टिंडेलाची शेवंती

केळशीचा काशीराम शिवलकर बावीस वर्षं आगबोटीवर होता. आधी साधा खलाशी, मग टिंडेल, म्हणजे सारंगाच्या हाताखालचा मुकादम. एडन, मोंबासा, कोबे ही नावं तो हर्णै-मुरूड म्हणावं तशी सहज म्हणायचा. १९२६ साली मुंबईच्या धक्क्यावर माल चढवताना दोरखंडाचा फास त्याच्या डाव्या हाताला बसला. तीन बोटं गेली. कंपनीनं रजा दिली ती कायमचीच, आणि मार्गशीर्षात तो एक पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीस.

इतक्या वर्षांत तो दोन वर्षांतून एकदा यायचा, दीड महिना राहायचा आणि परत जायचा. त्याची बायको मालन हिला त्या दीड महिन्याची सवय होती. आता दोन महिने झाले, तीन झाले, तरी माणूस घरातच. आणि घरात असून बसेल तर शपथ. मागच्या, आगराकडच्या पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं व्हायची, ती तो सकाळपासून मोजत राहायचा. मध्येच पुळणीवर जायचा, समुद्र बघून उलट्या पावली परत यायचा. पान वाढायच्या आधीच पाटावर बसायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठायचा.

"कुणी बोलावलंय काय तुमाला?" मालन विचारायची.

"नाय गो. उगाच."

शेजारी भिकाजी राहायचा. त्याची बैलगाडी होती आणि बोलायला त्याला कुणीतरी हवंच असायचं. पण तोसुद्धा म्हणायला लागला, "काशीराम, तुझ्याकडे बघून माझे पाय दुखतात."

मालनची गोष्ट निराळी होती. एकुलती एक मुलगी मैना दाभोळला दिली, तेव्हापासून ती घरात एकटीच. पहाटे उठायची, रहाटाचं पाणी पाटाला सोडायची आणि मागच्या आगरात उतरायची. आगर म्हणजे फार मोठं नव्हे. घराला लागून एक जुना फणस, त्याच्या पलीकडे पोफळीच्या चार ओळी, मधूनमधून माड आणि शेवटी चिऱ्यांचा गडगा. ऊन तिथं सकाळी दोन तास यायचं, आणि मग दिवसभर रुपयाएवढ्या कवडशांनी जमिनीवर फिरायचं. पोफळीच्या सावलीत पानवेल आणि हळद, तिसरं काही येत नाही, असं सगळे म्हणायचे. मालननं तिथं फुलं लावली होती. पाटाच्या काठानं सोनटक्का, कारण त्याला ओल लागते आणि कडक ऊन सोसत नाही. गडग्याच्या कडेनं निळी कोरांटी, तिला कशाचंच काही नसतं. आणि फणसाच्या पुढ्यात, जिथं ऊन त्यातल्या त्यात जास्त टिकायचं तिथं, उंच केलेल्या वाफ्यावर पिवळी शेवंती. पाऊस सरता सरता सोनटक्का उमलायचा, मग कोरांटी, मग शेवंती. मार्गशीर्ष संपेपर्यंत महालक्ष्मीच्या देवळात तिच्या घरची परडी गेली नाही असा दिवस नसायचा.

सोनटक्क्याचे कंद तिनं माहेराहून, आंजर्ल्याहून आणले होते, मैना झाली त्या वर्षी. ही तीनही झाडं एका पावसाची नव्हेत. एकदा जागा मानवली की वर्षानुवर्षं त्याच मुळातून उठतात. फक्त त्यांना हलवायचं नाही, आणि सावलीचं माप बिघडवायचं नाही, एवढंच.

१९२७ च्या चैत्रात मैनाचं दुसरं बाळंतपण होतं म्हणून मालन दाभोळला गेली. जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "दिवस कलल्यावर पाणी घाला. शेवंतीचे फुटवे माघातच लावलेत, ते लहान हायत."

काशीरामानं पहिले आठ दिवस पाणी घातलं. मग त्याला ते घर खायला उठलं. पडवीत काळोख, माजघरात काळोख, आगरात तर भर दुपारी संध्याकाळ. जहाजावर चारी बाजूंनी उजेड असायचा, डोळ्यांना अडवणारं काही नसायचं. एका सकाळी त्यानं कोयता आणि कुऱ्हाड घेतली आणि फणसावर चढला. एका हातानं धरून, उरलेल्या दोन बोटांचा आधार घेऊन त्यानं दोन दिवसांत घराच्या बाजूच्या सगळ्या मोठ्या फांद्या उतरवल्या. आकाश दिसायला लागलं. त्या दोन दिवसांत त्यानं पडवीत एकही फेरी मारली नाही.

मालन वैशाखात परत आली. परसदारी येऊन ती उभी राहिली. सोनटक्क्याचे नवे कोंब होरपळून कागदासारखे झाले होते. शेवंतीच्या वाफ्यावर काड्या होत्या. दुपारच्या उन्हात घातलेल्या पाण्यानं मातीची खपली धरली होती.

खराटा घेऊन तिनं सुकलेला पाला एका बाजूला ओढला. काशीराम मागे येऊन उभा राहिला.

"ऊन येईल म्हणून केलं. जोमानं वाढतील असं वाटलं," तो म्हणाला.

"मला इचारलं असतंव तर बरं झालं असतं."

"फांद्या काय, परत येतील."

मालननं खराटा खाली ठेवला. "बावीस वर्सं हे राहिलं," ती म्हणाली, "तुमी नव्हताव म्हणून राहिलं."

तिचा आवाजसुद्धा चढलेला नव्हता. पण काशीरामाला ते जेवढं लागलं, तेवढा दोरखंडाचा फासही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो हर्णैला चालत गेला आणि मुंबईची बोट धरली. घरी सांगून गेला, पण काय करायला जातोय ते सांगितलं नाही.

मुंबईत तो धक्क्यावरच्या ओळखीच्या सारंगांकडे फिरला. सगळ्यांनी चहा पाजला. हात बघितल्यावर प्रत्येकानं विषय बदलला. गावच्या माणसांच्या खोलीत तो उतरला होता. तिथला एकजण मलबार हिलवर एका पारशाच्या बंगल्यात माळी होता. त्याच्याबरोबर वेळ घालवायला म्हणून काशीराम एकदा बंगल्यावर गेला आणि तिथं त्याला कुंड्यांच्या रांगा दिसल्या. माळी म्हणाला, ही शेवंती. तांब्याच्या रंगाची, नारळाच्या करवंटीएवढी फुलं येतात, पण दिवाळीनंतर.

"सावलीत येते?"

"अर्ध्या सावलीत उत्तम. मात्र पावसाचं पाणी मुळाशी साचता कामा नये."

पावसाळ्यात बोटी बंद होतात. त्याआधीच्या शेवटच्या बोटीनं काशीराम परत आला. आगबोटीवरून किनाऱ्याला नेणाऱ्या हर्णैच्या पडावात तो बिस्किटांचा एक डबा मांडीवर धरून बसला होता. त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले वीस फुटवे होते. दुसऱ्या हातात गॅसबत्ती होती, नवी, मुंबईहून घेतलेली. डबा त्यानं मालनच्या पुढ्यात ठेवला.

मालननं गोणपाट उघडलं. एकेक फुटवा उचलून मुळं बघितली. "चार मेलेत," ती म्हणाली. "बाकी लावू या."

त्या पावसात काशीराम खरोखर राबला. फणसाच्या तोडलेल्या जागी बांबू रोवून त्यानं माडाच्या झापांचा मांडव घातला. पाणी वाहून जावं म्हणून वाफे गुडघाभर उंच केले, त्यात कुजलेल्या पानांचा पातेरा आणि शेणखत घातलं. आठ रोपं मालननं आपल्या पद्धतीनं पोफळीच्या कडेला लावली. उरलेली आठ त्यानं हट्टानं पडवीसमोर लावली, बसल्या जागेवरून दिसावीत म्हणून. आणि मग त्याच्यानं राहवेना. चार दिवसांनी एक रोप उकरून मूळ धरलं का ते बघायचं, परत पुरायचं. श्रावणापर्यंत शेंडे खुडायचे असतात म्हणून मालननं सांगितलं, तर तो रोज खुडायचा.

"ओ, त्याला जरा असू द्या," मालन म्हणायची. "तुमी सारखे हात लावताव, तर ते मूळ कधी धरणार?"

जळलेल्या सोनटक्क्यानं मात्र भाद्रपदात कमाल केली. वरचं सगळं गेलं होतं, खालचे कंद जिवंत होते. मांडवाच्या सावलीत पाटाच्या काठानं तलवारीसारखी पानं उभी राहिली आणि आश्विनात थोडी का होईना, पांढरी फुलं आली. मालननं पहिलं फूल देवळात पाठवलं. दुसरं तिनं स्वतःच्या केसांत खोवलं. काशीरामानं ते बघितलं आणि पुन्हा पडवीत फेऱ्या मारायला लागला. पण त्या दिवशीच्या फेऱ्या वेगळ्या होत्या.

कार्तिक आला. पोफळीकडच्या आठ रोपांना वाटाण्याएवढ्या कळ्या धरल्या आणि मार्गशीर्षात ती फुलली. तांब्याच्या रंगाची, माळ्यानं सांगितली तेवढी नसली तरी वाटीएवढी. पडवीसमोरची आठ रोपं त्यांच्यापेक्षा उंच, हिरवीगार, दाट, आणि त्यांना एक कळी नाही.

काशीरामाची झोप उडाली. त्यानं कोळणीकडून मासळीची कुटी आणून घातली. पान अजून हिरवं झालं. पाणी कमी केलं, मग वाढवलं. भिकाजी म्हणाला जमीन वाईट, म्हणून पुढच्या वर्षी त्यानं पडवीसमोरची माती कमरेएवढी खणून काढली आणि पोफळीखालची टोपल्यांनी आणून भरून रोपं परत लावली. १९२८ चा कार्तिक आला. तिकडे फुलं, इकडे पानं.

"माझ्या हातात फूल नाय," तो म्हणायला लागला. हे तो चेष्टेत म्हणत नव्हता. जेवताना, चालताना, भिकाजीशी बोलताना तेच. आपण हात लावू ते ओसाड होतं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. सरळ वाढलेल्या त्या झाडांकडे तो असा बघायचा की मालनला त्याची भीती वाटायची.

शोध लागला तो मालनला. पडवीसमोरच्या रोपांतलं एक, अगदी कोपऱ्यातलं, कळ्यांनी भरलेलं तिनं बघितलं. तीच माती, तेच पाणी, आणि लावणारा हातही तोच. मग याच एकाला का? दोन दिवस ती जाता येता बघत राहिली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला काशीरामानं नेहमीसारखी गॅसबत्ती पेटवून पडवीच्या आढ्याला टांगली आणि जुन्या दोराचे पीळ उलगडायला घेतले. त्याला रिकामं बसवत नसे, आणि काळोखही सोसत नसे, म्हणून बत्ती रोज जेवणं होऊन गाव निजेपर्यंत जळायची. पांढरा लख्ख उजेड सगळ्या वाफ्यावर पडला होता. फक्त कोपऱ्यात यंदाच नव्यानं घातलेल्या लाकडांच्या खोपीची सावली होती, आणि ते रोप त्या सावलीत होतं.

"इकडे या," मालन म्हणाली. "हे बघा."

त्यानं बघितलं. त्याला काही कळलं नाही.

"याला रात्र मिळते. बाकीच्यांना मिळत नाय. तुमी जागे, म्हणून तीपण जागी. दिवस लहान झाला हे त्यांना कळणार कसं?"

"झाडाला काय डोळे हायत?"

"डोळे नसतील. पण सोनटक्क्याला कसं कळतं भाद्रपद आला ते?"

काशीराम हसला, पण मनापासून नाही. मालननं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आगराच्या बाजूनं पडवीला दोन मोठी गोणपाटं बांधली, अशी की बत्तीचा उजेड बाहेर जाऊ नये. काशीराम गोणपाटाच्या आड बसून दोर उलगडत राहिला. तीन आठवड्यांनी सातही रोपांच्या शेंड्यांत कळ्या दिसल्या. पौषात, गावातली बाकी सगळी शेवंती संपल्यावर, पडवीसमोर सात झाडं फुलली.

त्या सकाळी तो पायरीवर बसून होता. किती वेळ बसला होता, ते मालननं मोजलं नाही, पण पेज निवली तरी उठला नव्हता. ती जवळ आली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मग माझ्या हाताचा दोष नव्हता?"

"नव्हता."

"बत्तीचा होता."

"बत्तीचा."

तो शांत झाला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. चार दिवसांनी पुन्हा अकरा पावलं सुरू झाली. पण फुलं संपली की शेवंतीच्या बुंध्याशी फुटव्यांचा झुबका निघतो आणि माघापर्यंत तो सोडवून लावावा लागतो. त्या वर्षी फुटवे इतके निघाले की आगरात जागा उरली नाही. मालन म्हणाली, "मैनाला नेऊन द्या की थोडे. सोनटक्क्याचे कंदपण द्या. तिच्याकडे पोफळीखाली नुसती मोकळी जागा हाय."

केळशी ते दाभोळ म्हणजे पायी दोन दिवस. काशीराम पाटी डोक्यावर घेऊन निघाला. उटंबरचा डोंगर ओलांडला, आड्याची खाडी तरीतून पार केली, आंजर्ल्याला मालनच्या भावाकडे, केरूकडे मुक्काम केला. केरूनं पाटीत डोकावून विचारलं, हे काय. काशीरामानं सांगितलं. केरू म्हणाला पोफळीखाली फुलं येत नाहीत. काशीराम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथं राहिला, वाफा करून सहा फुटवे आणि, तिथला मूळचा सोनटक्का केव्हाच गेला होता म्हणून, दोन कंद लावून दिले आणि मगच पुढे गेला. दाभोळला पोचेपर्यंत पाटी अर्धी झाली होती.

परत आला तेव्हा तो पाय धुवायलाही थांबला नाही. "कार्तिकात मला जाऊन बघायला हवं," तो म्हणाला. "केरू पाणी जास्त घालणार. मला त्याचा स्वभाव ठाऊक हाय."

तेव्हापासून ते सुरूच झालं. माघात फुटवे घेऊन एक फेरी, पावसाच्या तोंडावर कंद आणि कोरांटीची रोपं घेऊन दुसरी, आणि कार्तिक-मार्गशीर्षात नुसतं बघायला तिसरी. आडे, पाडले, आंजर्ले, मुरूड, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. वाटेत ज्या आगरात सावलीची पडीक जागा दिसेल तिथं तो थांबायचा आणि मालकाला विचारायचा. कुणी हसायचं, कुणी पाणी द्यायचं, कुणी म्हणायचं लाव. फुलं कुठं येतील, ऊन किती वेळ हवं, पाट कुठून न्यावा हे तो झाडाखाली उभा राहून सावली बघत ठरवायचा. घरी महिना दोन महिने राहिला की त्याचे पाय शिवशिवायला लागायचे, आणि आता ते कुठं न्यायचे हे त्याला माहीत होतं. मालनलाही त्याच्या जाण्याचा त्रास नव्हता. तो गेला की ती पडवीतली बत्ती काढून कोनाड्यात ठेवायची आणि लवकर निजायची. आला की शेतावरच्या खबरा विचाराव्यात तसं विचारायची, मुरूडची कोरांटी धरली का, बुरोंडीला वाळवी लागली होती तिचं काय झालं.

१९३६ च्या पावसात तो रहाटाच्या कट्ट्यावरून घसरला आणि उजवा गुडघा मोडला. हाडवैद्यानं बांधून दिलं, पण पाय वाकेना. आश्विन गेला, कार्तिक लागला. काशीराम खाटेवर. घरातल्या भांड्यांवर, भिकाजीच्या बैलांवर, पावसावर, सगळ्यांवर तो चिडत होता. "कळ्या धरल्या असतील," दिवसातून दहा वेळा म्हणायचा. "कुणी बघायला नाय."

शेवटी मालन कंटाळली. "मी जाऊन येते," ती म्हणाली.

"तू? एवढी चालशील?"

"मैनाकडे जाते की नाय दर वर्साला? वाट तीच हाय."

भिकाजीच्या बायकोला नवऱ्याकडे बघायला सांगून ती निघाली. वाट तीच होती खरी, पण आजवर ती त्या वाटेनं बाळंतपणाला किंवा सणाला गेली होती, मान खाली घालून, उशीर होईल म्हणून घाईनं. यंदा ती प्रत्येक आगरात शिरली. आड्याला विहिरीच्या ओलीवर सोनटक्का कमरेएवढा होता. मुरूडला एका घराच्या गडग्याभोवती कोरांटीची निळी भिंत झाली होती. तिची झाडं, तिच्या आईची झाडं, आणि ती जोपासणाऱ्या बायका तिला ओळखत नव्हत्या. कोण, कुठली, असं विचारायच्या. टिंडेलाच्या घरची, म्हटल्यावर आत बोलवायच्या.

बुरोंडीला हौसा नावाची एक विधवा बाई होती. तिच्या पोफळीखाली तांबडी शेवंती अशी फुलली होती की मालनलाही हेवा वाटला.

"तुमच्या मालकांचा फार दरारा हाय आमाला," हौसा म्हणाली. "एकदा मी मूळ धरलं का बघायला रोप उकरलं, तर असे रागावले. लावलं की सोडून द्यायचं, सारखा हात लावायचा नाय, म्हणाले."

मालनला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती तिथंच पायरीवर बसली. हौसाला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"ते असं म्हणाले?"

"म्हणाले. आणि म्हणाले, हे मला घरातून शिकवलेलं हाय."

दाभोळला मैनाकडे ती दोन रात्री राहिली. मैना अजून चार दिवस राहा म्हणत होती, पण मालनचं लक्ष लागेना. परत येताना तिनं केरूकडचा मुक्काम टाळला आणि नवव्या दिवशी दुपारीच उटंबरचा डोंगर उतरली. पायथ्याशी भिकाजीची गाडी सोडलेली दिसली. बैल चरत होते. चिऱ्याच्या एका दगडावर पाय लांब करून काशीराम बसला होता, काठी मांडीवर आडवी.

भिकाजी तिला बघून म्हणाला, "काल पण आणलं होतं यांना. घरी राहीनात."

"आज येणार हे तुमाला कुणी सांगितलं?" मालननं नवऱ्याला विचारलं.

"कुणी नाय." तो काठीवर भार देऊन उठायला बघत होता. "केरूनं पाणी जास्त घातलंय काय?"

"घातलंय. दोन रोपं कुजली."

"सांगत होतो मी. आणि कोळथऱ्याचं? तिथं फणस तोडणार होते."

"तोडू दिला नाय मी. गाडीत बसा, सांगते."

ती त्याला आधार देऊन गाडीत चढवायला लागली. तो चढता चढता विचारतच होता, मुरूड झालं, आडे झालं, बुरोंडीला कळ्या किती, वाळवी परत आली का. भिकाजीनं बैल जुंपले. गाडी पुळणीच्या रस्त्याला लागली तरी तिच्या सांगण्यात आडे संपून आंजर्लं सुरू झालं नव्हतं, कारण प्रत्येक वाक्याला तो तिला अडवत होता, आणि तीही त्या दिवशी त्याला गप्प बसा म्हणत नव्हती.

गुडघा पुढं कधी पुरता वाकला नाही. माघात काशीराम काठी घेऊन आड्यापर्यंत जाऊन आला, त्याच्या पुढं त्याला जमेना. आड्याच्या पलीकडली गावं मालननं घेतली. अशी चार वर्षं गेली. १९४० च्या भाद्रपदात, सोनटक्का नुकता उमलायला लागला तेव्हा, काशीराम चार दिवसांच्या तापानं गेला. तिसऱ्या दिवसापर्यंत तो पडवीत निजायचं म्हणत होता, आत नको. म्हणून मालननं त्याची खाट पडवीतच घातली होती, आगराकडे तोंड करून.